टीना स्लोन ग्रीन : पदकांच्या यादीत न सापडणारी कारकीर्द

टीना स्लोन ग्रीन यांनी खेळाडू म्हणून काय मिळवलं, हे शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. १९६८ ते १९७२ या काळात त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला लॅक्रॉस संघात होत्या. लॅक्रॉस म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा मैदानी खेळ. त्या संघात खेळणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्याच सुमारास अमेरिकेच्या हॉकी चमूतही त्यांची निवड झाली होती. दोन खेळांत देशपातळी गाठलेली ही खेळाडू, पण नावावर ना ऑलिंपिक, ना विश्वचषक, ना पदक.

कारण अगदी साधं आहे. जिंकण्यासारखं काही तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये आली १९८० साली. महिला लॅक्रॉसचा पहिला विश्वचषक झाला १९८२ मध्ये, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला. महिला हॉकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धा पूर्वीपासून होत होत्या, पण सत्तरीच्या मध्यापर्यंत त्यात कोणाला विजेता म्हणून चषक देण्याची पद्धत नव्हती. देशोदेशीचे संघ जमायचे, सामने व्हायचे, परिषद भरायची आणि मंडळी घरी जायची. त्यामुळे या बाईंची कारकीर्द तोलायची तर पदकांचा तराजू उपयोगाचा नाही. ती घडली कशी, कोणत्या दारातून त्या आत आल्या आणि आत आल्यावर त्यांनी काय केलं, हे बघावं लागतं.

आपल्या वाचकाला आधी एक गोष्ट उलटी करून घ्यावी लागेल. हॉकी म्हटलं की आपल्यासमोर ध्यानचंद येतात, १९३२ चं लॉस एंजेलिस येतं आणि अमेरिकेवरचा २४-१ असा विजय येतो. त्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचे संघ तीनच होते, म्हणून चोवीस गोल खाऊनही अमेरिकेला कांस्यपदक मिळालं. अमेरिकेत पुरुषांची हॉकी तेव्हाही नावापुरती होती आणि पुढेही फारशी वाढली नाही. तिथे हॉकी हा मुलींचा खेळ. १९०१ मध्ये कॉन्स्टन्स ॲपलबी नावाच्या इंग्लिश बाईंनी हार्वर्डच्या उन्हाळी वर्गात या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं, मग पूर्वेकडच्या महिला महाविद्यालयांतून तो शिकवत त्या फिरल्या. १९२२ मध्ये अमेरिकेची महिला हॉकी संघटना स्थापन झाली ती फिलाडेल्फियात. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात ॲपलबीबाईंची शिबिरं वर्षानुवर्षं भरत राहिली. म्हणजे फिलाडेल्फिया आणि आसपासचा परिसर हा अमेरिकन महिला हॉकीचा पंजाब म्हणावा असा.

लॅक्रॉसची ओळख थोडी जास्त करून द्यावी लागेल, कारण आपल्याकडे हा खेळ फारसा कोणी पाहिलेला नाही. उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसौनी आणि इतर आदिवासी लोकांचा हा शतकानुशतकांचा खेळ. स्कॉटलंडमधल्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत तो १८९० मध्ये सुरू झाला आणि तिथल्या परंपरेतून १९२६ साली बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत येऊन रुजला. खेळ ज्या भूमीतला, तिथल्या मुलींकडे तो असा समुद्रापलीकडून, शाळेच्या गणवेशात परत आला. काठीच्या टोकाला जाळीची उथळ खोळ असते आणि रबरी चेंडू त्या खोळीत घेऊन धावायचं. त्या काळी काठ्या लाकडी असत, खोळ कातड्याच्या पट्ट्यांनी विणलेली. चेंडू पडू नये म्हणून धावता धावता काठी मनगटांनी सतत डावी-उजवीकडे वळवत राहायची. खेळाडू याला ‘क्रेडल’ करणं म्हणतात. हे मनगट बसलं नाही तर चार पावलांत चेंडू गवतावर. महिलांच्या खेळात अंगाला अंग भिडवायला बंदी असल्यामुळे हेल्मेट आणि खांद्यांची कवचं घालून खेळणाऱ्या पुरुषांच्या लॅक्रॉसपेक्षा हा खेळ अगदी वेगळा दिसतो. संघात त्या काळी बारा जणी, आणि धक्का मारता येत नसल्यामुळे सगळी मदार पायांवर आणि मोकळी जागा हेरण्यावर.

हॉकी आणि लॅक्रॉस एकाच मुलीने खेळणं हे तिथे अपवादात्मक नव्हतं. हॉकीचा हंगाम शरद ऋतूत, लॅक्रॉसचा वसंतात. दोन्ही खेळ शिकवणाऱ्या बाई बहुधा एकच, मैदान तेच, मुलीही त्याच. नोव्हेंबरात हॉकी स्टिक कपाटात गेली की बर्फ वितळेपर्यंत बास्केटबॉल, आणि मार्चमध्ये हातात लॅक्रॉसची काठी. कौशल्याचं म्हणाल तर हाताचं काम पूर्ण वेगळं. हॉकीत चेंडू जमिनीवर आणि स्टिकची एकच बाजू चालते, लॅक्रॉसमध्ये चेंडू खांद्याच्या उंचीवर. डोक्याचं काम मात्र बरंचसं सारखं. आपल्याकडच्या जुन्या हॉकीतला सेंटर-हाफ ज्या नजरेने मैदान वाचायचा, तीच नजर लॅक्रॉसच्या मध्यफळीतही लागते. कोणाला अडवायचं, कोणाला सोडायचं, चेंडू नसताना कुठे धावायचं, हे एका खेळात कळलं की दुसऱ्यात अर्धं काम झालेलं असतं.

मग प्रश्न राहतो तो दाराचा. हे दोन्ही खेळ खेळवले जात ते बहुतांशी उपनगरांतल्या आणि खासगी शाळांतून, आणि तिथे कृष्णवर्णीय मुली जवळजवळ नव्हत्याच. शहरातल्या वस्त्यांमधल्या मुलींच्या वाट्याला यायचं बास्केटबॉल आणि धावणं. त्यासाठी हिरवळीचं मैदान लागत नाही, दोनदोन प्रकारच्या काठ्या लागत नाहीत. १९४४ साली फिलाडेल्फियात जन्मलेल्या टीना स्लोन यांना वाट मिळाली ती ‘फिलाडेल्फिया हायस्कूल फॉर गर्ल्स’मुळे. ही सरकारी शाळा, पण अभ्यासातल्या गुणवत्तेवर प्रवेश देणारी, आणि या शाळेत हॉकी होती. मुलगी हुशार होती म्हणून या शाळेत गेली आणि या शाळेत गेली म्हणून तिच्या हातात हॉकी स्टिक आली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका दुवा हाच आहे. तिच्या पायांत वेग होता हे खरं, पण तिला मैदानापर्यंत नेलं ते गुणपत्रिकेने. अभ्यासात मध्यम असलेली, तेवढ्याच वेगाने धावणारी तिच्या गल्लीतली दुसरी एखादी मुलगी हॉकीपर्यंत पोहोचलीच नसती.

पुढचा टप्पा वेस्ट चेस्टर स्टेट कॉलेज. शिक्षक तयार करणारं सरकारी महाविद्यालय, आणि शारीरिक शिक्षणाच्या विभागामुळे महिला खेळांत दबदबा असलेलं. लॅक्रॉसची खरी ओळख त्यांना इथे झाली. म्हणजे ज्या खेळात त्या देशासाठी खेळल्या, तो त्यांनी हातात घेतला कॉलेजच्या वयात. त्या १९६६ मध्ये पदवीधर झाल्या. त्याच सुमारास व्हॉनी ग्रॉस वेस्ट चेस्टरला प्रशिक्षक म्हणून आल्या होत्या. ग्रॉसबाई स्वतः हॉकी आणि लॅक्रॉस या दोन्ही खेळांत अमेरिकेकडून खेळलेल्या, आणि पुढे १९८४ मध्ये ऑलिंपिक कांस्यपदक जिंकणाऱ्या अमेरिकन महिला हॉकी संघाच्या प्रशिक्षक. दोन्ही खेळ खेळलेल्या बाईंनी दोन्ही खेळ शिकवायचे आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी पुढे तेच करायचं, अशी ही साखळी होती.

राष्ट्रीय संघातली निवड आजच्यासारखी नव्हती. वेतन नाही, करार नाही, प्रायोजक नाही. संघटना बायकांनीच चालवलेल्या, पंच बायका, निवड करणाऱ्याही बायका. आधी स्थानिक क्लब, मग विभागीय संघ, मग राष्ट्रीय स्पर्धा आणि त्यातून निवड, अशी चढती पायरी. बहुतेक खेळाडू शाळाशिक्षिका असत आणि दौऱ्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्वतःच्या पदरचा. सुट्टी मिळणारी नोकरी आणि थोडीफार शिल्लक नसेल, तर नुसत्या कौशल्यावर तिथे टिकणं कठीण. वर्णामुळे कोणाला नियमाने रोखलं जात नव्हतं. तशी गरजही नव्हती, कारण ही पायरी चढायला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टीच गाळणीचं काम करत होत्या.

स्लोन ग्रीन यांच्याविषयी जिथे लिहिलं जातं तिथे पहिलं विशेषण असतं ‘पहिल्या कृष्णवर्णीय’. मला हे विशेषण थोडं खटकतं. ते खोटं नाही, पण ते खेळाडूपेक्षा संघाविषयीच जास्त सांगतं. महिला लॅक्रॉसची राष्ट्रीय संघटना १९३१ पासून होती. पहिली कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९६८ उजाडलं असेल, तर मधल्या सदतीस वर्षांचा हिशेब संघटनेकडे मागायला हवा. आपण मात्र सत्कार त्या बाईंचा करतो आणि प्रश्न कोणालाच विचारत नाही.

आता नोकरीचा भाग. आपल्याकडे महिला हॉकीचा आधार म्हणजे रेल्वे. मुलगी चांगली खेळली की रेल्वेत भरती, मग रेल्वेच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा. महाराष्ट्रात दहावी-बारावीला क्रीडागुण आणि सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण. यात खेळ हा नोकरीचा परवाना असतो; नोकरी मिळाली की कामाचा खेळाशी संबंध असेलच असं नाही. अमेरिकेत त्या पिढीतल्या खेळाडू बाईसमोर असा मार्ग नव्हता. तिच्यासाठी खेळ शिकवणं हीच नोकरी. स्लोन ग्रीन यांनी आधी शिक्षिकेचं काम केलं, १९७० मध्ये फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली, काही काळ कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या लिंकन विद्यापीठात शिकवलं आणि सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात त्या टेंपलला आल्या. सुरुवातीला हॉकी आणि लॅक्रॉस दोन्ही संघ त्यांच्याकडे. महाविद्यालयीन महिला लॅक्रॉसच्या इतिहासात मुख्य प्रशिक्षक झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

काळ त्यांच्या बाजूने होता, हेही नोंदवायला हवं. जून १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारावर भेदभाव चालणार नाही, एवढंच त्याचं मूळ कलम. त्यात खेळाचा उल्लेखही नव्हता, पण खरी उलथापालथ झाली ती खेळातच. विद्यापीठांना मुलींचे संघ उभे करावे लागले, त्यांना पैसे द्यावे लागले, हळूहळू शिष्यवृत्त्याही आल्या. खेळाडू म्हणून त्यांची शेवटची वर्षं आणि हा कायदा एकाच वेळेचे. खेळाडू म्हणून त्यांना याचा फायदा शून्य. प्रशिक्षक म्हणून मात्र त्या नेमक्या वेळी नेमक्या जागी उभ्या होत्या.

१९८२ हे साल महिला महाविद्यालयीन खेळांसाठी विचित्र होतं. तोवर या स्पर्धा बायकांनीच उभारलेली ‘एआयएडब्ल्यू’ ही संघटना भरवत होती. त्या हंगामात पुरुषांच्या खेळांची बलाढ्य संघटना ‘एनसीएए’ने महिलांच्या स्पर्धाही सुरू केल्या. त्यामुळे त्या वर्षी राष्ट्रीय विजेते दोन झाले. एनसीएएचं लॅक्रॉस विजेतेपद मॅसॅच्युसेट्सने घेतलं. एआयएडब्ल्यूच्या अंतिम सामन्यात टेंपलने मेरीलँडला ३-२ असं हरवलं. ती एआयएडब्ल्यूची शेवटची लॅक्रॉस स्पर्धा. त्यानंतर ती संघटनाच बंद पडली. जिंकलेला चषक ज्या संस्थेचा, ती संस्थाच उरली नाही.

मग १९८४. आता मैदान एनसीएएचं, समोर पुन्हा मेरीलँड, आणि टेंपलने ६-४ असा विजय मिळवला. १९८७ च्या अंतिम फेरीत पेन स्टेटकडून ७-६ अशी हार पत्करावी लागली. पुढच्या वर्षी अंतिम फेरीत समोर तेच पेन स्टेट आलं. या वेळी निकाल १५-७. त्या हंगामात टेंपलने १९ सामने खेळले आणि एकोणीसच्या एकोणीस जिंकले. एका गोलाने गेलेला सामना बारा महिन्यांत आठ गोलांच्या फरकाने परत घेणं, हे नशिबाचं काम नव्हे. लॅक्रॉसमध्ये प्रत्येक गोलनंतर मध्यरेषेवर दोन खेळाडूंच्या काठ्या एकमेकींना भिडवून, मध्ये चेंडू दाबून खेळ पुन्हा सुरू होतो. हॉकीत गोल खाल्लेल्या संघाला चेंडू मिळतो, इथे तसा नेम नाही. सुरुवातीचा तो झगडा जिंकत राहिलं तर एक संघ पाठोपाठ गोल करत जातो आणि समोरच्यांच्या काठीला चेंडू लागतच नाही. म्हणून आठ गोलांची आघाडी दिसते तेव्हा नुसत्या आघाडीफळीचं नाही, मध्यरेषेवरच्या मनगटांचंही कौतुक करावं लागतं.

टेंपलमध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांचा लॅक्रॉसचा ताळेबंद २०७ विजय, ६२ पराभव आणि ४ बरोबरी असा आहे. पण त्यापेक्षा मला १९८८ च्या त्या संघातली अमांडा मूर महत्त्वाची वाटते. टेंपलकडून हॉकी आणि लॅक्रॉस दोन्ही खेळणारी ही मुलगी पुढे अमांडा ओ’लिअरी या नावाने येल आणि नंतर फ्लोरिडा विद्यापीठात लॅक्रॉसची मुख्य प्रशिक्षक झाली. ग्रॉसबाईंच्या वेस्ट चेस्टरपासून निघालेली साखळी इथवर येते.

या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवली तर अभ्यास अपुरा राहील. टेंपल विद्यापीठ उत्तर फिलाडेल्फियात आहे, आजूबाजूची वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची. प्रशिक्षक कृष्णवर्णीय. तरीही लॅक्रॉसच्या संघात येणाऱ्या बहुसंख्य मुली गोऱ्या, कारण काठी हातात धरायला येणाऱ्या मुली तयार होत होत्या त्याच जुन्या शाळांत. विद्यापीठातला प्रशिक्षक सतराव्या-अठराव्या वर्षी तयार झालेली खेळाडू निवडतो. त्याआधीच्या दहा वर्षांवर त्याचा काहीच ताबा नसतो. टायटल नाइनमुळे मुलींच्या जागा वाढल्या, पण विद्यापीठांनी संख्या भरून काढण्यासाठी जे खेळ वाढवले त्यात हॉकी, लॅक्रॉस, नौकानयन, फुटबॉल असे उपनगरी शाळांचे खेळ बरेच होते. या कायद्याचा मोठा लाभ गोऱ्या मुलींना झाला आणि कृष्णवर्णीय मुली मागे राहिल्या, हे स्लोन ग्रीन यांनी पुढे जाहीरपणे, आडपडदा न ठेवता सांगितलं. ज्या कायद्याच्या लाटेवर त्यांचं स्वतःचं पद उभं राहिलं, त्याविषयी असं बोलायला धाडस लागतं.

प्रशिक्षकांच्या बाबतीतही तसंच झालं. कायदा येण्याआधी महिला संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायका होत्या. पदांना पगार आणि प्रतिष्ठा आली तसे पुरुष आले आणि बायकांचं प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं. कृष्णवर्णीय बायका त्या उरलेल्या निम्म्यातही मोजक्याच.

१९९२ मध्ये त्यांनी संघाची जबाबदारी सोडली. त्याच वर्षी टेंपलच्या तलवारबाजी प्रशिक्षक आणि ऑलिंपियन निकी फ्रँकी, क्रीडा प्रशासक अल्फा अलेक्झांडर आणि कायद्याच्या प्राध्यापक लिंडा ग्रीन यांच्यासह ‘ब्लॅक विमेन इन स्पोर्ट फाउंडेशन’ सुरू केलं. काम कुठून सुरू करायचं, याबाबत या चौघींचा अंदाज बरोबर होता असं मला वाटतं. वस्तीतल्या लहान मुलींना टेनिस आणि गोल्फसारखे, त्यांच्या शाळेत नसलेले खेळ दाखवायचे आणि जोडीला प्रशिक्षक, पंच, प्रशासक या वाटाही दाखवायच्या. विद्यापीठात बसून ज्या दहा वर्षांवर हात पोहोचत नव्हता, त्या दहा वर्षांतच जाऊन बसायचं. खेळातून गणित आणि विज्ञान शिकवण्याच्या ‘सिस्टर्स इन स्पोर्ट सायन्स’ या उपक्रमातही त्या होत्या. गुणपत्रिकेमुळे मैदानावर आलेल्या बाईने मैदानावरून मुलींना पुन्हा गणिताकडे नेलं.

आता एक कल्पना करून बघू. त्या दहा वर्षं उशिरा जन्मल्या असत्या तर? हॉकीत त्यांचं वय १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी बरोबर बसलं असतं. पण अमेरिकेने बहिष्कार टाकला आणि तो संघ गेलाच नाही. आपला महिला संघ मात्र गेला. पुण्याच्या एलिझा नेल्सन त्या संघात होत्या. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली सुवर्ण आलं. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेच्या मुलींना कांस्य मिळालं, तेव्हा दहा वर्षं उशिरा जन्मलेल्या स्लोन ग्रीन तिशीच्या असत्या. पदकाची शक्यता होती, पण दोन खेळांची नव्हती. ऑलिंपिक आलं तसा सराव बारमाही झाला, आणि एका खेळाने दुसऱ्याचा हंगाम गिळला. साठच्या दशकात पैसा नव्हता म्हणूनच दोन्ही काठ्या हातात राहू शकल्या, हे मान्य करावं लागतं.

१९९७ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय लॅक्रॉस हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस परत येत आहे, सहा जणांच्या छोट्या प्रकारात, आणि त्यात महिलांचा लॅक्रॉस पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या मैदानावर उतरेल. अमेरिकेच्या संघात जाण्याचा रस्ता आज शाळेपेक्षाही खासगी क्लबांमधून, उन्हाळी स्पर्धांमधून आणि त्यांच्या भरमसाट शुल्कांमधून जातो. सरकारी शाळेत चांगले गुण मिळवून आपोआप हातात काठी येण्याची जी वाट टीना स्लोन यांना सापडली होती, ती आता पूर्वीपेक्षा अरुंदच झाली आहे.